आंब्याच्या पानांतून चांदीचे नॅनोकण: किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेसाठी

प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली की कोकणातल्या विज्ञान महाविद्यालयांत हल्ली एक विषय हमखास निघतो: वनस्पतीच्या अर्कातून धातूचे नॅनोकण, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मीटरचा अब्जावा भाग) मोजायचे अतिसूक्ष्म कण. कारण उघड आहे. उपकरणं फारशी लागत नाहीत, झाड परसात उभं आहे आणि रंग डोळ्यांदेखत बदलतो. कृती शोधायला गेलात तर ढिगाने सापडतील. पण त्यांत पाण्याबद्दल जेमतेम एक ओळ असते, 'डिस्टिल्ड वॉटर घ्यावे'. देशावरच्या माणसाचं तेवढ्यावर भागत असेल. आपल्याकडे वाऱ्यात मीठ, विहिरीत मीठ, पानावर मीठ आणि आमसुलातही मीठ. या प्रयोगात मीठ शिरलं की खेळ संपला. म्हणून हा लेख मुख्यतः मीठ बाहेर कसं ठेवायचं याबद्दल आहे. बाकी कृती सोपी आहे.

नेमकं घडतं काय, ते आधी थोडक्यात. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळलं की चांदीचे धनभारित आयन सुटे होतात. त्यांना एकेक इलेक्ट्रॉन मिळाला की ते चांदीचे अणू होतात, म्हणजेच त्यांचं क्षपण होतं. अणू एकत्र येऊन कण वाढू लागतो. तो वेळीच अडवला नाही तर शेवटी तळाशी काळा गाळ बसतो. नेहमीच्या पद्धतीत क्षपणासाठी सोडियम बोरोहायड्राइडसारखं जहाल रसायन वापरतात आणि कण अडवायला आणखी एखादं. पानांच्या अर्कात ही दोन्ही कामं करणारे रेणू तयार असतात. पॉलिफेनॉल नावाची वनस्पतींतली संयुगं इलेक्ट्रॉन देतात, आणि तेच पॉलिफेनॉल, प्रथिनं व शर्करा कणाभोवती वेढा घालून त्याला वाढू देत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे आणि चांदीचे कण केल्याचं प्रसिद्ध केलं. या क्षेत्रात आजही तो शोधनिबंध आधी वाचायला सांगतात. तुम्हीही वाचा.

धातू कोणता घ्यायचा, यावर फार खल नको. चांदी घ्या. सोन्याचं क्लोराइड महाग पडतं, तांबं हवेत लगेच ऑक्सिडाइझ होतं आणि झिंक ऑक्साइड पांढरंच असल्याने प्रयोग जमला की फसला हे नवख्याला डोळ्यांनी कळत नाही. चांदी रंगाने बोलते.

१. आधी पाणी तपासा

चांदीचा आयन आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. अकरावीत क्षार ओळखायच्या प्रॅक्टिकलला हीच परीक्षा केली होती. आता जरा आकडेमोड करू. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार (दोन्ही आयनांच्या मोलर प्रमाणांचा गुणाकार याच्या वर गेला की साका पडतो) २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.८ × १०⁻¹⁰ आहे. आपलं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण १ मिलीमोलरचं. म्हणजे लिटरमागे ०.००६ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड असलं तरी हिशेबाने साका सुरू व्हायला पुरे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने धरलेली क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि समुद्राच्या पाण्यात ते लिटरला साधारण १९ ग्रॅम असतं. तेव्हा 'आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे हो' हे इथे कामाचं नाही. मे महिन्यात मचूळ होणारी खाडीकाठची विहीर तर सोडाच, पण डोंगरउतारावरच्या गोड्या विहिरीतही पावसाळ्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. तिच्यातूनही क्लोराइडच येतं.

पागोळ्यांचं पाणी शुद्ध असतं, असाही एक समज आहे. किनाऱ्यावरच्या पावसात समुद्राचे तुषार मिसळलेले असतात. ते पाणी कौलांवरून आलेलं असो की थेट आभाळातून धरलेलं, इथे चालणार नाही.

डिस्टिल्ड वॉटर कॉलेजच्या यंत्राचं असो किंवा पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारं असो, कॅनवरच्या लेबलवर विसंबू नका. स्वच्छ परीक्षानळीत ५ मिली पाणी घ्या, त्यात ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाका आणि नळी काळ्या कागदासमोर धरा. उजेड बाजूने येऊ द्या. पाणी जसंच्या तसं पारदर्शक राहिलं तर घ्या. अगदी विरळ, निळसर पांढरी धूसरता आली तरी तो कॅन बाजूला ठेवा. ही परीक्षा दर नव्या कॅनला करायची, कारण कालचा कॅन चांगला निघाला म्हणून आजचा निघेलच असं नाही.

काचसामानाचंही तेच. नळाच्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या बीकरच्या आतल्या बाजूला मिठाचा पातळ थर राहतो. शेवटी तीन वेळा डिस्टिल्ड वॉटरने खंगाळा. हट्टी डाग काढायला हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उघडायची सवय असेल तर ती इथे सोडा. सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखाली विरल नायट्रिक आम्ल वापरा.

२. पान

कोकणातला प्रकल्प म्हटला की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव कोकमाचं. माझं मत विचाराल तर पहिल्या प्रयोगाला कोकम नको. एक तर बाजारातली आमसुलं मिठाच्या रसात पुटं देऊन वाळवलेली असतात आणि आगळात मीठ असतंच. ते ओतलंत की क्षणात पांढरा साका. बिनमिठाची ताजी सालं घेतली तरी अर्क आंबट, आणि आम्लधर्मी द्रावणात पॉलिफेनॉल इलेक्ट्रॉन द्यायला कुरकुरतात. शिवाय अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे अर्क मुळातच लालभडक, मग कणांमुळे रंग कधी आला ते ओळखायचं कसं? हात बसल्यावर कोकम जरूर करा. काजूची पानं चालतील, पण बोंडू आणि बीच्या टरफलापासून हात लांब ठेवा, काजूचं तेल कातडी जाळतं. तिवराच्या पानावर तर मिठाचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात, कारण ते झाड नको असलेलं मीठ पानावाटेच बाहेर टाकतं. त्यात कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. तिथे विनापरवाना तोड करायची नाही.

तेव्हा आंबा. पण हापूसच्या कलमाचा नको. बागेत मोहोराच्या आधीपासून फवारण्या सुरू असतात, आणि कीटकनाशक-बुरशीनाशकाचा अंश अर्कात उतरला तर तुमच्या निष्कर्षात कोण बोलतंय, पान की औषध, हे कळणार नाही. पाणंदीच्या कडेचं, कुणी कधी फवारलेलं नाही असं रायवळ झाड शोधा. पान पूर्ण वाढलेलं, हिरवं आणि निरोगी हवं. तांबूस पालवी नको, जून करवंडलेलं पानही नको. तोडल्यावर देठ काढून टाका, त्यातला चीक त्वचेला लागला तर चट्टे उठतात.

वहीत लिहून ठेवा: झाड कुठलं, समुद्रापासून साधारण किती दूर, तारीख, पान कोवळं की पक्व, आदल्या दोन-चार दिवसांत पाऊस होता का. पानातल्या पॉलिफेनॉलचं प्रमाण ऋतूप्रमाणे आणि पानाच्या वयाप्रमाणे बदलतं. डिसेंबरातला प्रयोग जूनमध्ये तसाच उतरला नाही, तर उत्तर बहुधा या नोंदींतच असेल.

आता धुणं. खाऱ्या वाऱ्याने पानावर बसलेलं मीठ दिसत नाही, पण कोरड्या दिवसांत किनाऱ्याजवळच्या झाडाचं पान जिभेला लावलंत तर कळेल. आधी नळाखाली दोन्ही बाजूंनी चोळून धूळ काढा. मग डिस्टिल्ड वॉटरच्या दोन-तीन बदल्यांतून काढा. शेवटच्या धुण्यातलं ५ मिली पाणी घेऊन वर सांगितलेली सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा करा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. पानाच्या आतही थोडं क्लोराइड असतं, ते धुऊन जात नाही. त्याचं काय करायचं ते पुढे येईल.

३. अर्क

धुतलेली पानं टिपकागदावर कोरडी करा आणि स्टीलच्या कात्रीने बारीक कापा. १० ग्रॅम तुकडे, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, साधारण ७० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं. खळखळून उकळायची गरज नाही. निवल्यावर धुतलेल्या मलमलीतून आणि नंतर व्हॉटमन नंबर १ कागदातून गाळा. हलका पिवळसर, पारदर्शक अर्क मिळाला पाहिजे. गढूळ असेल तर पुन्हा गाळा, नाहीतर पुढे सगळी मापं चुकतील.

बऱ्याच कृतींत पानं सावलीत वाळवून पूड करायला सांगतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सावलीत पान वाळत नाही, बुरशी धरतं. त्या दिवसांत ताजं पानच वापरा. अर्क फ्रिजमध्ये ४ अंशाला काही दिवस टिकतो, पण लाईट जाण्याचं प्रमाण बघता त्याच दिवशी वापरलेला बरा.

४. सिल्व्हर नायट्रेट

१ मिलीमोलर द्रावणासाठी १०० मिलीला १७ मिलिग्रॅम लागतं (रेणूभार १६९.८७). साध्या तराजूवर १७ मिलिग्रॅम नीट मोजता येत नाही. १७० मिलिग्रॅम मोजून १०० मिली करा, ते १० मिलीमोलर झालं. त्यातलं १० मिली घेऊन पुन्हा १०० मिली करा. तपकिरी बाटली नसेल तर बाटलीला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, कारण उजेडात चांदीचं आपोआप क्षपण होऊ लागतं. हातमोजे आणि चष्मा घाला. कातडीवर पडलेला थेंब लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी काळा डाग होऊन उगवतो आणि कातडी झडेपर्यंत जात नाही. डोळ्यांत गेलं तर मात्र प्रकरण गंभीर आहे. आणखी एक, चांदीच्या द्रावणात अमोनिया घालून ते साठवून ठेवायचं नाही. त्यातून स्फोटक संयुग तयार होऊ शकतं.

५. मिसळणं आणि बघत बसणं

तीन शंकूपात्रं मांडा. पहिल्यात ९० मिली सिल्व्हर नायट्रेट आणि १० मिली अर्क. दुसऱ्यात ९० मिली सिल्व्हर नायट्रेट आणि १० मिली पाणी. तिसऱ्यात ९० मिली पाणी आणि १० मिली अर्क. पुढची दोन पात्रं 'वेळेचा अपव्यय' म्हणून गाळणारे पुष्कळ असतात, पण परीक्षक पहिला प्रश्न नेमका त्यांच्याबद्दल विचारतात. तिन्ही पात्रं फॉइलने झाका.

पहिल्या पात्रात अर्क थेंबाथेंबाने सोडा, खाली मॅग्नेटिक स्टरर चालू ठेवा. खोलीच्या तापमानाला काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ६० अंशाला लवकर होतं. सुरुवातीला फिकट पिवळं असलेलं द्रावण आधी गडद पिवळं होतं, मग त्यात तांबूस झाक येते आणि शेवटी ते कोऱ्या चहाच्या रंगावर स्थिरावतं. पात्र उजेडासमोर धरलं तर ते पारदर्शकच दिसलं पाहिजे.

इथेच फसगत होते. अर्क पडल्यापडल्या द्रावण दुधाळ झालं तर ते सिल्व्हर क्लोराइड. ते पात्र खिडकीशी ठेवलंत की थोड्या वेळाने करडं-जांभळं दिसू लागेल, कारण सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळवंडतं. 'रंग बदलला, कण झाले' असं म्हणून हा नमुना पुढे नेणारे कमी नाहीत. लेझर पॉइंटरची रेघ द्रावणात दिसली, यावरही जाऊ नका. ती रेघ कुठल्याही बारीक कणांच्या द्रावणात दिसते, सिल्व्हर क्लोराइडच्यासुद्धा. फरक ओळखायची साधी खूण म्हणजे क्रम: आधी पारदर्शक आणि मग सावकाश पिवळं-तपकिरी हे चांगलं लक्षण, आधी दुधाळ आणि मग करडं हे वाईट.

अर्कातल्याच क्लोराइडमुळे किंचित धूसरता आली तर अर्काचं प्रमाण कमी करा, १० ऐवजी ५ मिली किंवा २ मिली. क्षपणाला थोडा वेळ जास्त लागेल, पण द्रावण स्वच्छ मिळेल.

सामू बदलून बघायचा मोह होतो, आणि तो योग्यच आहे. सामू ८-९ च्या घरात नेला की अभिक्रिया वेगाने होते. त्यासाठी विरल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाने घाला. जास्त पडलं तर तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड खाली बसेल. सामू उतरवायचा असेल तर नायट्रिक आम्ल, हायड्रोक्लोरिक नाही. फॉस्फेट बफर घातलंत तर सिल्व्हर फॉस्फेटचा पिवळा साका पडेल, आणि पिवळा रंग बघून आनंद होईल तो वेगळाच. सामू मोजायला पट्टी वापरा. मीटरच्या इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं. ते जरासं झिरपलं तरी आपलं द्रावण नासतं आणि इलेक्ट्रोडचं तोंडही चांदीने बुजतं.

६. कण झाले का, हे ठरवणं

यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर हे पहिलं आणि नवख्याला पुरेसं साधन. ३०० ते ७०० नॅनोमीटर स्कॅन घ्या. ब्लँक (ज्याच्याशी तुलना करायची तो नमुना) म्हणून पाणी नको, तिसऱ्या पात्रातला विरल अर्क घ्या. चांदीच्या गोल नॅनोकणांचं शिखर साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान येतं. कणांमधले इलेक्ट्रॉन त्या लांबीच्या प्रकाशाबरोबर एकत्र झुलतात म्हणून ते शोषण. शिखर अरुंद असेल तर कण बरेचसे एकसारखे. ते रुंद होऊन लांब तरंगलांबीकडे सरकत असेल तर कण मोठे होताहेत किंवा एकमेकांना चिकटताहेत. शोषणाचं माप १ च्या वर जात असेल तर नमुना पातळ करून पुन्हा घ्या. दर अर्ध्या तासाने घेतलेले आलेख एकावर एक काढले तर प्रकल्पाचं निम्मं प्रकरण त्यातच तयार होतं.

आपल्याकडेच सहज करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. ५ मिली तयार द्रावणात गाळलेल्या समुद्राच्या पाण्याचा एक थेंब टाका, तासाभराने पुन्हा स्कॅन घ्या. वेढा कच्चा असेल तर रंग करडा पडून शिखर खचतं. वेढा पक्का असेल तर फारसा फरक पडत नाही. उरलेले चांदीचे आयन असतील तर पाणी पांढरं होईल आणि क्षपण अपुरं राहिलं हे कळेल. पुळणीवरून पाणी आणा, खाडीचं नको. पावसात खाडीच्या पाण्याचा खारटपणा रोज बदलतो.

पुढच्या तपासण्या बाहेर कराव्या लागतात. मुंबईच्या आयआयटीत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात उपकरणांची सोय आहे, पण आधी नोंदणी करावी लागते. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखायची तपासणी), नेहमीच्या तांब्याच्या किरणांवर, चांदीची शिखरं ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांजवळ येतात. २७.८, ३२.२ आणि ४६.२ जवळही शिखरं दिसली तर तो सिल्व्हर क्लोराइड आहे. छापून आलेल्या आलेखांतही ही शिखरं दिसतात आणि खाली 'अर्कातील सेंद्रिय घटक' एवढंच लिहून सोडलेलं असतं. तुम्ही तसं करू नका. एक्सआरडी शिखराच्या रुंदीवरून आकार काढायच्या शेररच्या सूत्रातून येतो तो स्फटिकाचा आकार, कणाचा नव्हे. डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजायची पद्धत) आकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापेक्षा मोठा येणारच, कारण त्यात कणाभोवतीचा वेढा आणि पाण्याचा थर धरला जातो. एफटीआयआरच्या (अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून रेणूंतले बंध ओळखायची तपासणी) एका शिखरावरून 'अमुकच रेणूने क्षपण केलं' असं लिहिणं हा अतिउत्साह झाला.

कण वेगळे करायला मिनिटाला १०,००० ते १२,००० फेऱ्यांवर १५-२० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुन्हा मिसळा, असं तीनदा. पूड हवी असेल तर आधी हिशेब करा. ९० मिली द्रावणात चांदीच मुळी १० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे. एक्सआरडीला पुरेल इतकी पूड हवी असेल तर लिटरच्या हिशेबाने काम करावं लागेल. एरवी कण द्रावणातच राहू द्या, वाळवले की एकमेकांना चिकटतात.

७. उरलेलं कुठे टाकायचं

बेसिनमध्ये नाही. आपल्या गटारांचं पाणी शेवटी खाडीत जातं, आणि चांदीचे आयन पाण्यातल्या जिवांना विषारी असतात. खाडीतली कालवं पाणी गाळून जगतात आणि चांदी अंगात साठवतात. तीच कालवं आपल्या ताटात येतात. सगळं उरलेलं द्रावण एका बरणीत जमा करा. इथे मात्र मीठ कामाला येतं. भरपूर खडेमीठ घालून एक-दोन दिवस ठेवलं की चांदी बरीचशी खाली बसते. वरचं पाणी स्वच्छ झालं का ते बघून गाळ वेगळा करा, लेबल लावा आणि महाविद्यालयाच्या घातक कचऱ्यात द्या.

नुसतं पान वापरलं म्हणून पद्धत आपोआप पर्यावरणपूरक ठरत नाही. १९९८ साली पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं मांडली. त्यांतलं पहिलंच, कचरा मुळात होऊ देऊ नये, असं सांगतं. तुमच्या अहवालात किती वीज, किती पाणी, किती कचरा याचा छोटा तक्ता असू द्या.

तयार द्रावण औषध म्हणून कुणालाही देऊ नका, स्वतःही चाखू नका. चांदी दीर्घकाळ पोटात गेली तर कातडी कायमची निळसर-करडी होते.

हात बसला की पुढे काय? अर्कात शेकडो रेणू असतात आणि कोणी काय केलं ते सांगणं अवघड. म्हणून पुढचा प्रयोग शुद्ध रेणूंचा करा: क्षपणाला ग्लुकोज, वेढ्याला स्टार्च. सावकाश होतं, पण प्रत्येक गोष्ट मोजून घालता येते. त्यानंतर कायटोसन. ते कोळंबीच्या टरफलांतून मिळतं आणि मासळी बंदरांवर त्या टरफलांना तोटा नाही. फक्त टरफलांतला चुना काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, म्हणून घरी केलेलं कायटोसन धुण्याचं पाणी सिल्व्हर नायट्रेटला स्वच्छ उतरेपर्यंत धुवा, आणि मगच १ टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवा.